धारवाडचे रुमाल : मोडी कागद वाचायला शिकताना

(केलगेरी, धारवाड येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८२४ च्या सप्टेंबरात धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे याच्या हाती कित्तूरहून आलेले एक पत्र पडले. कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र यांनी दत्तक मुलगा घेतल्याचे त्यात कळवले होते. त्याच दिवसांत देसाई वारले. थॅकरेने पत्रावरची सही न्याहाळली आणि ती देसायांच्या हातची नसावी, पत्रच मागाहून तयार केले असावे, असा त्याला संशय आला. त्याने दत्तक मानले नाही. २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या किल्ल्यापुढे लढाई झाली, तीत थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ साली मरण पावल्या.

या हकिगतीतली शौर्यकथा धारवाड-बेळगावकडच्या लेकराबाळांना ठाऊक आहे. तिच्या मुळाशी एक कागद होता, हे मात्र फारसे कुणी बोलत नाही. सही कोणाची, पत्र केव्हाचे, लिहिणारा कारकून कोण, वाचणाऱ्याचा हेतू काय, हे प्रश्न त्या दिवशी धारवाडच्या कचेरीत उभे राहिले. त्यांचे उत्तर ज्याने दिले, त्याच्या सरकारला संस्थान खालसा होण्यात लाभ होता. कागद वाचण्याचे शास्त्र शिकायचे कशासाठी, याचे याहून जवळचे उदाहरण केलगेरीच्या श्रोत्यांना देता येणार नाही.

धारवाडला वाचनाची परंपरा आहे, पण ती दगडाच्या वाचनाची. वॉल्टर एलियटने १८३३ पूर्वीच्या आपल्या इथल्या नोकरीत स्थानिक मदतनिसांच्या बळावर शेकडो कोरीव लेखांच्या नकला जमवल्या. पुढे इंग्रज अधिकारी फ्लीटने चालुक्य-राष्ट्रकूटांचे लेख अक्षर अक्षर तपासून छापले. १९३९ साली धारवाडात कन्नड संशोधन संस्था निघाली. एखादे अक्षर झिजले असेल तर तिथे ठिपके द्यायचे, अंदाजाने भरले तर ते कंसात घालायचे, ही शिस्त शिलालेखांच्या अभ्यासकांना इथे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली. याच जिल्ह्यातल्या कुलकर्ण्यांच्या, देशपांड्यांच्या, देसायांच्या माळ्यावर पडलेल्या मोडी कागदांच्या वाट्याला मात्र ही शिस्त आली नाही.

कारण सोपे आहे. पेशवाईत या मुलखाचा दरबारी कारभार मराठीत आणि मोडी लिपीत चाले. १८१८ नंतर इंग्रजांनीही तो काही काळ तसाच ठेवला. शाळांत आणि कचेऱ्यांत कन्नडला तिची जागा मिळावी म्हणून डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झगडावे लागले, आणि ते झगडणे रास्तच होते. पुढे मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने संपली. घरातल्या दप्तराचा रोजचा उपयोग संपला. त्याच सुमारास मोडी शाळांतून आणि सरकारी व्यवहारातूनही गेली. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात आला. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे कागद परमुलखातले झाले आणि इथल्या नव्या पिढीच्या दृष्टीने परक्या लिपीतले. सहा वर्षांत ते असे दोनदा पोरके झाले.

मोडीची भीती बाळगण्याचे कारण नाही. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा मारून घेई आणि त्या रेघेला अक्षरे लटकवत बोरू होता होईल तो न उचलता ओळ संपवी. त्यामुळे शब्द तुटत नाहीत, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. ‘र’ शेजारच्या अक्षराला जोडला गेला की आकारच पालटतो. शिवाय वळणे निरनिराळी आहेत. शिवकाळातला हात वेगळा, पेशवाईत चिटणिशी आणि बिवलकरी वळणे प्रसिद्ध, आणि इंग्रजी अमलात टाक आल्यावरचे अक्षर आणखी निराळे. बाराखडी आठवडाभरात येते. वाचन यायला मात्र कागदांची सोबत लागते.

नवशिक्याने सुरुवात पत्रांपासून करावी, हिशेबापासून नव्हे. जुने पत्र ठरलेल्या साच्यात चालते. वर ‘श्री’, मग ‘राजश्री’, नाव, ‘गोसावी यांसी’, पुढे ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत असिले पाहिजे’, मग ‘विशेष’, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. हा मायना पाठ असला की त्या हाताचे बरेचसे वर्ण आपोआप ओळखीचे होतात. मायन्यातला ‘क’ सापडला की मजकुरातला ‘क’ पकडता येतो. कारकुनाने शब्द कुठे तोडले, ‘मुक्काम’चे ‘मु॥’ कसे केले, हेही तिथेच कळते. मागच्या बाजूला ‘पौ’ असे लिहून तारीख दिली असेल तर तो पत्र पावल्याचा शेरा. पुष्कळदा पत्रातल्या मजकुराइतकाच तो शेरा मोलाचा असतो, कारण बातमी छावणीतून पुण्याला किती दिवसांत पोहोचली, याचा हिशेब त्यावरून लागतो.

साच्याच्या पलीकडची मोठी खोच तारखेची. तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण इथे चुकलेले वाचन दिसायला बरोबर दिसते.

समजा, एखाद्या कागदावर ‘छ २७ रजब, सन इहिदे तिसैन मया व अलफ’ अशी मिती आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याचा दिवस. इहिदे एक, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. अरबी रीतीने एकम आधी येतो, म्हणून साल ११९१. महिना रजब आहे, तेव्हा नवशिका ११९१ हे हिजरी साल धरतो आणि कोष्टकात पाहून १७७७ वर येतो. धारवाडच्या आसपासच्या मोहिमेचा मजकूर असेल तर त्याला शंकाही येत नाही, कारण त्या वर्षांतही हैदरअलीशी मराठ्यांची झुंज इथेच चालू होती. पण हे साल हिजरी नाही. ते सुहूर सन आहे. महिने हिजरी, वर्ष मात्र मृगाला सुरू होणारे. म्हणून त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. रजब त्या वर्षी मार्च-एप्रिलात आला होता, तेव्हा उत्तर १७९१ च्या एप्रिलचा आरंभ. हिजरी साल तेव्हा १२०५ होते आणि शके १७१२, साधारण नाम संवत्सर, संपत आला होता.

चौदा वर्षांची ही चूक शत्रूच बदलून टाकते. हैदराच्या जागी टिपू, पेशवाईतल्या बारभाईच्या जागी नाना फडणीसांची पक्की झालेली सत्ता. ग. ह. खरे यांनी ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक लिहिले ते अशाच अडचणींसाठी. जुने कागद हाताळू पाहणाऱ्याच्या पिशवीत ते सर्वांत आधी असावे.

१७९१ च्या त्या एप्रिलात धारवाडात जे घडले ते कागदांनी कसे समजते, तेही पाहण्यासारखे आहे. १७९० च्या सप्टेंबरात मराठा सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज आणि मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची तुकडी यांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा दिला. आत टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान. वेढा सहा महिन्यांच्या वर रेंगाळला. मदतीला आलेला कर्नल फ्रेडरिक मार्चमध्ये छावणीतच मरण पावला. एप्रिलच्या आरंभी खानाने करार करून किल्ला सोडला. पुढे वाटेत त्याच्या लोकांवर हल्ला झाला आणि तो कैद झाला. करार कोणी मोडला, यावर तेव्हापासून वाद आहे.

लिटलच्या तुकडीत एडवर्ड मूर नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने या मोहिमेची हकिगत १७९४ साली लंडनला छापली. हाच मूर पुढे हिंदू देवदेवतांवरच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाला. इंग्रजीतले पुस्तक कुठेही मिळते, म्हणून धारवाडच्या वेढ्याची गोष्ट बहुधा मूरच्या डोळ्यांनी सांगितली जाते. त्यात मराठी फौज ढिली आणि तोफा जुनाट दिसतात. त्यातले काही खरेही असेल. पण छावणीतून मिरज-तासगावकडे आणि पुण्याकडे गेलेली पटवर्धनांची पत्रे समोर ठेवली की दाणावैरण, कर्जे, बारूद वेळेवर न येणे, इंग्रज पाहुण्यांशी मानपानाच्या कटकटी हे सगळे आतून दिसू लागते. ही पत्रे आज छापील मिळतात, ती वासुदेवशास्त्री खऱ्यांमुळे.

वासुदेवशास्त्री मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. पटवर्धन घराण्याच्या दप्तरांत शिरण्याची परवानगी मिळवून त्यांनी शाळेच्या नोकरीखेरीजचा सगळा वेळ त्या कागदांत घातला. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागला आणि १९२४ साली ते वारले तोवर त्याचे बारा भाग झाले होते. पगारी संशोधक नाही, सरकारी अनुदान नाही, छायाचित्रे नाहीत. कागद पाहायचा, नक्कल उतरायची, ताडायची, तारीख लावायची, प्रस्तावना लिहायची. धारवाड, सावनूर, नरगुंद, गदग, लक्ष्मेश्वर या गावांचा अठराव्या शतकाचा इतिहास ज्याला लिहायचा असेल त्याला मिरजेच्या या शिक्षकाचे ऋण आधी मान्य करावे लागते. इतिहाससंशोधक राजवाड्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर आहे आणि ते असायलाच हवे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे करून त्यांनी या विद्येला घर दिले. परंतु कर्नाटकाच्या सरहद्दीवरच्या वाचकाने वासुदेवशास्त्र्यांचे बोट धरावे. त्यांचे कागद याच मातीतले आहेत.

तरी त्या छापील भागांवर थांबून चालत नाही. संपादक निवड करतो. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडक पत्रांचे ४५ भाग काढले. हे काम डोंगराएवढे होते, पण ती निवड होती. राजकारण आणि मोहिमा यांना तिच्यात अग्रक्रम मिळाला. खेड्यातली धारावसुली, तळ्याची दुरुस्ती, देवस्थानाचा दिवाबत्तीचा खर्च हे पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांतच, राहिले. तिथे ‘रोजकीर्द’, ‘घडणी’, ‘प्रांत अजमास’ असे विभाग आहेत. धारवाडच्या अभ्यासकाने लढायांच्या चिटणिशी कागदांआधी प्रांत अजमासातला कर्नाटकाचा भाग मागवावा. गावांच्या याद्या, अपेक्षित वसूल, सूट, इनाम ही सामान्य माणसांची नोंद तिथे आहे.

पुराभिलेखागारात शिरण्याचीही एक रीत असते. अर्ज, ओळखपत्र, विषय लिहून द्यायचा. शाईचे पेन बाहेर ठेवायचे, पेन्सिल आत न्यायची. रुमाल सोडला की पुडके ज्या क्रमाने असेल त्या क्रमानेच परत बांधायचे, कारण कागदाचा शेजारी कोण होता हीदेखील माहिती आहे. सुटे पान शेजारच्या पुडक्यात गेले तर पुढच्या शंभर वर्षांच्या वाचकाला ते सापडत नाही. प्रत्येक नकलेवर दप्तर, रुमाल, पुडके आणि कागदाचा क्रमांक आधी लिहायचा, मजकूर नंतर. नक्कल उतरताना मूळचे शुद्धलेखन जसेच्या तसे ठेवायचे, न लागलेल्या जागी ठिपके द्यायचे, शंकेच्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह, आपण घातलेले अक्षर चौकटी कंसात. शिक्का असेल तर त्याची नोंद करायची; शेवटी ‘लेखनसीमा’ आहे की नाही तेही पाहायचे. मराठी मन इथे अधीर होते. त्याला अर्थ लगेच हवा असतो, म्हणून ते ‘सुधारून’ वाचते. नक्कल आणि अर्थ यांची पाने वेगळी ठेवली की हा मोह आवरतो.

आता या व्याख्यानाचा खरा विषय. धारवाडकडचे मोडी कागद केवळ मराठी येणाऱ्याला पुरते वाचता येत नाहीत.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि शब्दांत अंतर नाही. ही उणीव वाचक भाषेच्या जाणिवेने भरून काढतो. पण कागदात हेब्बळ्ळी, मिश्रीकोट, अण्णिगेरी, कुंदगोळ, नवलगुंद अशी नावे येतात आणि पुण्यात वाढलेला कान तिथे अडखळतो. जमिनीची मापे इथली आहेत. कूरगी म्हणजे पेरणीच्या पाभरीवरून ठरलेले माप. ठरीव साऱ्याच्या जमिनीला ‘कटगुत’ म्हणतात. त्याच्या मागे कन्नडमधला ‘गुत्तिगे’, मक्ता, उभा आहे. हा शब्द ज्याने बाजारात ऐकला आहे त्याला तो मोडीच्या वेटोळ्यातून लगेच दिसतो. इतरांना तो वाचनदोष वाटतो आणि ते काहीतरी मराठी शब्द तिथे बसवतात. काही वेळा तर लिपी मोडी आणि वाक्यच कन्नड असते. कारकुनाला त्यात नवल वाटत नव्हते. घरात एक भाषा, शेतावर दुसरी, कचेरीत तिसऱ्याच वळणाची, हे इथले रोजचे जगणे. ज्या गावात मराठी मातृभाषेचे द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले, त्या गावाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून इथल्या वाचनाची बैठक दोघांची असावी. एकाचे मराठी पक्के, दुसऱ्याचे कन्नड पक्के, आणि दोघांसमोर एकच कागद. कागद शिकून आणि मिळून वाचण्याच्या रीती जगात आहेत. पॅरिसमध्ये १८२१ साली दस्तऐवज वाचायला शिकवणारी ‘एकोल दे शार्त’ ही शाळा निघाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० पासून जेरेमी बेंथम या विचारवंताची हस्तलिखिते स्वयंसेवकांकडून उतरवून घेतली. एकाने उतरलेले पान जाणकार तपासतो, मगच ते जमा होते. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि अलीकडे यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोगही भारतात सुरू झाले आहेत. पण यंत्र शिकते ते माणसांनी अचूक उतरलेल्या पानांवर. धारवाडी वळणाची, कन्नड नावांनी भरलेली पाने त्याला कोणी दिलीच नाहीत तर ते हेब्बळ्ळीचे काहीही करील.

दोन भाषांचा मुद्दा केवळ शब्दांपुरता नाही. १७९१ च्याच मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेतल्या स्वारांनी शृंगेरीच्या मठाची लूट केली. टिपूने शृंगेरीच्या स्वामींना त्याविषयी लिहिलेली कन्नड पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठात मिळाली. धारवाडचा वेढा मराठी पत्रांत वाचणाऱ्याने ही कन्नड पत्रेही वाचली पाहिजेत. मराठी वाचकाला ती बोचतात. बोचली तरी वाचावीच लागतात.

हुबळीचेही तसेच. १६७३ साली मराठ्यांनी हुबळीची बाजारपेठ लुटली, तीत इंग्रजांच्या वखारीचे नुकसान झाले. भरपाईचे रडगाणे वखारवाल्यांच्या पत्रांत वर्षानुवर्षे चालते. ती पत्रे ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या नावाने पुण्याहून १९३१ साली छापली गेली. तिथे प्रत्येक गाठोड्याची किंमत आहे, कारण पैसे मागायचे होते. हुबळीच्या साळ्यांचे, वाण्यांचे काय गेले, याची किंमत त्या याद्यांत नाही.

कागद कशासाठी लिहिला गेला, हा प्रश्न सोडून कुठलेच वाचन पुरे होत नाही. याचा सर्वांत मोठा धडा याच मुलखाने दिला. १८४३ साली इंग्रजांनी दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी सुरू केली. १८५२ च्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे रूप आले. घरोघरच्या सनदा मागवल्या गेल्या आणि पेशवे दप्तराशी ताडल्या गेल्या. आज ते दप्तर इतके नीट लावलेले दिसते, त्यात या चौकशीचा मोठा वाटा आहे. बनावट सनदा निघाल्या, हे खरे. दप्तरात नोंद नाही म्हणून जुने खरे हक्क गेले, हेही खरे. कमिशनचे शेरे वाचताना लिहिणाऱ्याला जमीन सरकारजमा करायची होती हे लक्षात ठेवावे. सनद वाचताना ती दाखवणाऱ्याला जमीन राखायची होती हेही. या चौकशीने उपजलेल्या असंतोषाची आग १८५८ मध्ये नरगुंदला भडकली. तिथले संस्थानिक भास्करराव भावे यांना दत्तकाची परवानगी नाकारली गेली होती. त्यांच्या माणसांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला ठार केले आणि जूनमध्ये बेळगावात भास्कररावांना फाशी झाली.

श्रोत्यांपैकी काहींच्या घरी अजून गाठोडी असतील. ती उघडण्यापूर्वी खोली कोरडी असावी, हात कोरडे असावेत, चिकटपट्टी आणि प्लास्टिक दूर ठेवावे. घड्या जबरदस्तीने सोडवू नयेत. आधी गाठोड्याचे, मग प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र, क्रम जसा सापडला तसाच. मूळ कागद घरात ठेवायचा तर त्याची प्रत सरकारी अभिलेखागाराला किंवा विद्यापीठाला द्यावी. पहिल्या बैठकीसाठी हिशेबाची वही नको. ‘श्री’ने सुरू होणारे, दोन हातांत मावणारे एखादे पत्र निवडावे, आणि त्याच्या एका बाजूला कन्नड जाणणारा शेजारी बसवून घ्यावा.